‘सोलापूर संपले’ या मजकुरातील चार विधाने

गेले काही महिने सोलापूरकरांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर सतत पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा : कामगारांच्या संपांनी गिरण्या बुडवल्या, चादरीला आता गिऱ्हाईक उरले नाही, शहाणी माणसे केव्हाच पुण्याला गेली, आणि विमान व आयटी पार्क आल्याखेरीज या शहराला भवितव्य नाही. हा मजकूर पाठवणाऱ्यांत सोलापूरवर मनापासून प्रेम करणारी माणसेही आहेत. म्हणूनच तो गंभीरपणे तपासायला हवा, कारण शहर कशामुळे खंगले याचे उत्तर चुकले, तर पुढची वीस वर्षे आपण चुकीच्याच गोष्टी मागत राहू.

पहिले विधान संपाचे. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेला आणि सर्वांच्या स्मरणात असलेला गिरणी संप मुंबईचा होता. सोलापूरची पडझड त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली. मोरारजी गोकुळदासांनी 1870 च्या दशकात उभारलेली आणि गावात ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल ऑगस्ट 1949 मध्ये बंद पडली, आणि जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्या वटहुकुमात आणि पाठोपाठ झालेल्या कायद्यात कारण स्वच्छ नोंदवलेले आहे : गैरव्यवस्थापन आणि दुर्लक्ष यांमुळे अत्यावश्यक वस्तूचे उत्पादन घटले व गंभीर बेकारी ओढवली. पुढे सर्वोच्च न्यायालयात सरकारची ती कारवाई टिकली नाही, हेही सांगितले पाहिजे. मात्र तेथे मुद्दा भरपाई न देता मालमत्ता घेण्याचा होता, आणि कामगारांनी गिरणी बुडवली असे त्या निकालाने म्हटलेले नाही. सोलापुरात संप झालेच नाहीत, असे मी म्हणत नाही. परंतु यंत्रे जुनी होत गेली, नफा त्यांच्यात पुन्हा घातला गेला नाही, आणि कामगार कायद्यांचे ओझे नसलेल्या यंत्रमागाचे कापड गिरणीच्या कापडापेक्षा स्वस्त पडू लागले, ही कारणे वगळून नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू मिलच्या बंद दरवाजांचा उलगडा होत नाही.

यातली मुख्य गोष्ट मजकुराच्या लेखकाला दिसलेलीच नाही. गिरण्या गेल्या, पण विणकाम सोलापुरातून गेले नाही. ते भोंग्याखालून निघून पूर्वभागातल्या घराघरात आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या शेडांत गेले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली या विणकर समाजातील कुटुंबांच्या कित्येक पिढ्या आजही त्यावर जगतात. या स्थलांतरात माग टिकला, पण गिरणीबरोबर मिळणारी हजेरी, भविष्य निर्वाह निधी आणि सुरक्षेचे नियम बहुतेकांच्या वाट्याला आले नाहीत. 18 मे 2025 च्या पहाटे याच एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत 8 जण दगावले. मालकाचे कुटुंब आणि एका कामगाराचे कुटुंब, अशी दोन्ही कुटुंबे कारखान्याच्याच आवारात राहत होती. शहराच्या भवितव्याची चर्चा मला याच जागेपासून सुरू व्हावी असे वाटते.

दुसरे विधान चादरीचे. आमच्या घरी एक जुनी मयूरपंखी चादर आहे. ती हातात घेतली की आधी वजन जाणवते. उलटी केली तर तेच नक्षीकाम मागच्या बाजूला रंग पालटून दिसते, कारण ते छापलेले नसून जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेले आहे. शेकडो धुण्यांनी तिचा रंग मवाळ झाला, वीण मात्र सैल झालेली नाही. अशा वस्तूला गिऱ्हाईक नसते हे खरे नाही. खरी अडचण अशी की, बाजारात ‘सोलापुरी’ या नावाने मिळणारा बराच माल सोलापुरात विणलेलाच नसतो. पानिपतसारख्या ठिकाणचा स्वस्त माल आमच्याच नावावर खपतो, आणि तो दोन वर्षांत विटला की बदनामी सोलापूरची होते. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोहोंना सुमारे वीस वर्षांपूर्वीच भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळालेले आहे. पण मानांकनाचे प्रमाणपत्र स्वतःहून दुकानात जाऊन नक्कल पकडत नाही. तपासणी, खटले आणि गिऱ्हाइकाला ओळखता येईल अशी खूण, यांवर पैसा खर्च करणारी यंत्रणा लागते. ती उभी केल्याशिवाय ‘चादरीचे दिवस गेले’ असे जाहीर करणे हा विणकरांवर अन्याय आहे.

तिसऱ्या विधानात तथ्य आहे, पण अर्धे. 2001 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 8,72,478 होती, 2011 मध्ये ती 9,51,558 झाली. म्हणजे वाढ सुमारे 9 टक्के, तर राज्याची नागरी लोकसंख्या त्याच दशकात 23 टक्क्यांहून अधिक वाढली. मुले बाहेर जात आहेत, यात वाद नाही. मात्र जे राहिले ते शहाणे नव्हते, हा निष्कर्ष कोणत्या आकड्यावरून काढला?

चौथे विधान विमानाचे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळासाठी जून 2023 मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडण्यात आली, आणि 2025 मध्ये गोवा व मुंबईची सेवा सुरू झाली. सेवा हवीच होती. तिचे स्वागत आहे. परंतु इंजिनातला कॅमशाफ्ट हा भाग बनवणारी प्रिसिजन आणि रसायने बनवणारी बालाजी अमाइन्स या कंपन्या त्याआधी कितीतरी वर्षे याच भागात वाढल्या आणि शेअर बाजारातही पोहोचल्या. उद्योजकाला पहिल्यांदा लागते ते पाणी, आणि उजनीसारखे 117 टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) धरण जिल्ह्यात असताना शहराच्या नळाला वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी येत राहिले. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. ज्या घरात पाणी कधी येणार याचा हिशेब ठेवण्यातच बाईचा दिवस जातो, आणि ज्या रंगाईच्या कारखान्याला टँकरवर विसंबावे लागते, तेथे आयटी पार्कची कमान उभारून काय साधणार?

आता मजकुरात नावालाही नसलेल्या बायकांविषयी. सोलापुरात हजारो स्त्रिया विडी वळतात : मांडीवर सूप, ओला तेंदूपत्ता मापाने कापायचा, चिमूटभर तंबाखू भरून वळायचा, तोंड दुमडून दोरा बांधायचा, आणि मजुरी हजार विड्यांमागे, त्यातूनही छाट, म्हणजे नापास, ठरलेल्या विड्यांचे पैसे बुडतात. हा धंदा आटत जाणार, हे त्यांना कोणाहीपेक्षा अधिक माहीत आहे. कुंभारीजवळ असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांची रे नगर वसाहत उभी राहत असून त्यातील 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये कामगारांना देण्यात आली. गणवेश शिवणारा तयार कपड्यांचा व्यवसाय याच शहरात आधीपासून चालू आहे आणि त्याला शिवणारे हात लागतात. तेव्हा रे नगरजवळ शिवणकामाच्या शेडा, प्रशिक्षण काळात विद्यावेतन, पाळणाघर आणि शहरात ये-जा करणारी नियमित बस, एवढी मागणी महापालिकेकडे व शासनाकडे लेखी करावी. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणी त्या निवेदनावर सही करायला तयार असेल, तर मीही करीन.