आइसलँडला सैन्य नाही, पण...

दर काही महिन्यांनी तो मेसेज नव्याने फिरू लागतो: ‘आइसलँडकडे सैन्य नाही, तो कुठल्या गटात नाही, त्याचं कुणाशी वैर नाही. कारण तिथे गुंड नव्हे, प्राध्यापक राज्य करतात.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे. बाकीच्यांचा निकाल लावायला एका प्राध्यापकाचं चरित्र पुरेल.

ब्यार्नी बेनेदिक्तसॉन, जन्म १९०८, रेक्याविक. चोविसाव्या वर्षी आइसलँड विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक, १९४० मध्ये रेक्याविकचे महापौर, १९४७ मध्ये परराष्ट्रमंत्री.

आता ‘गटात नाही’चं बघू. १९१८ मध्ये आइसलँडने कायमची तटस्थता जाहीर केली होती, हे मेसेजवाल्यांच्या बाजूने मान्य करू. पण १० मे १९४० रोजी ब्रिटिश फौजा न विचारता बंदरात उतरल्या आणि ती तटस्थता कागदावरच राहिली. पुढे ३० मार्च १९४९ला संसदेत, म्हणजे आल्थिंगमध्ये, नाटोचा ठराव आला. बाहेर चौकात हजारो लोक. दगडांनी संसदेच्या खिडक्या फुटल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. आत ठराव ३७ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला आणि ४ एप्रिलला वॉशिंग्टनमध्ये नाटोच्या करारावर सही केली ती याच प्राध्यापकांनी. आइसलँड नाटोचा संस्थापक सदस्य आहे. यापेक्षा आणखी ‘गटात’ कसं असतात?

बरं, ‘सैन्य नाही’ यातही एक मेख आहे. स्वतःचं नाही. शांततेच्या काळात देशात परकी फौज राहणार नाही, ही भूमिका घेऊन आइसलँड नाटोत गेला. कोरियात युद्ध पेटलं आणि १९५१ मध्ये अमेरिकेशी संरक्षण करार झाला. परराष्ट्रमंत्री अर्थात ब्यार्नीच. मग केफ्लाविकचा अमेरिकी तळ २००६ पर्यंत चालला. त्यांना कुणी देशद्रोही म्हटलं, कुणी दूरदर्शी. माझ्या मते ते हिशेबी होते. स्वतःचं बळ नसलेल्या देशाला एकटं राहणं परवडत नाही, हे १९४०ने त्यांना दाखवलं होतं.

‘वैर नाही’ हे तर हास्यास्पद आहे. मासेमारीच्या हद्दीवरून आइसलँडने ब्रिटनशी तीनदा झुंज घेतली, तीही दोघे नाटोत असताना. १९७२ मध्ये हद्द ५० सागरी मैलांवर नेली, तेव्हाचे पंतप्रधान ओलाफुर योहानेसॉन. तेही कायद्याचेच प्राध्यापक! तटरक्षक दलाच्या बोटी ब्रिटिश ट्रॉलरच्या मागून जात आणि पाण्यात सोडलेल्या कटरने जाळ्याचे तारदोर कापून टाकत. जाळं मासळीसकट तळाला. १९७६ मध्ये आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंधच तोडले.

राहिला मेसेजसोबतचा फोटो. तो अलीकडच्या ब्यार्नी बेनेदिक्तसॉन यांचा असतो. तेही वकील, त्याच पक्षाचे आणि तेही पंतप्रधान झालेले, म्हणून घोळ होतो. पण ते थोरल्यांचे चुलत नातू, जन्म जानेवारी १९७०चा. थोरले ब्यार्नी त्याच वर्षी १० जुलैला, पंतप्रधानपदावर असतानाच, थिंगव्हेत्लिरच्या सरकारी उन्हाळी घराला लागलेल्या आगीत पत्नी आणि नातवासह गेले.