‘दोष काढू नका’ म्हणणाऱ्यांनी सातवा अध्याय पुढे पण वाचावा

कुठल्या तरी पास्टरच्या गैरवागणुकीची बातमी आली की आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर हमखास तोच मेसेज फिरतो. “येशूने सांगितलंय, दोष काढू नका. देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलणाऱ्यावर शाप येतो. फळं बघा, त्यांच्या सभेत हजारो लोक बरे झाले. काही वाटलंच तर एकांतात सांगा, बाकी देवावर सोडा. हा मेसेज दहा जणांना पाठवा.” दहा जणांना पाठवायचं कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला अजून सापडलेलं नाही, पण बाकीचं एकेक घेऊ.

पहिलं, दोष काढू नका. बायबलमध्ये मत्तय ७:१, कबूल. पण मेसेज लिहिणारा पहिल्याच ओळीवर थांबला. पाचव्यात येशू म्हणतो आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल, म्हणजे कुसळ काढायचंच आहे, फक्त आधी काय नंतर काय ते सांगितलंय. सहाव्यात डुकरांपुढे मोती टाकू नका, आता डुक्कर कोण हे ओळखल्याशिवाय हे पाळायचं कसं? आणि पंधराव्यात तर सरळच, मेंढरांच्या वेषातल्या लांडग्यांपासून सांभाळा. मनाई आहे ती दुसऱ्याला एक माप आणि स्वतःला दुसरं लावायला. तिथे मात्र मी पण सापडते हो, कोणाच्या सुनेनं काय घातलं, कोण उपासनेला उशिरा आलं यावर आम्ही बायका तासभर बोलतो आणि पाहुण्या प्रवचनकाराच्या गाडीबद्दल कोणी तोंड उघडत नाही.

दुसरं, अभिषिक्त, म्हणजे देवाने आपल्या कामासाठी निवडलेला. हे जरा नीट बघू कारण लोक घाबरतात ते यालाच. “माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका” हे स्तोत्र १०५:१५. काही ओळी मागे जा, तिथे अभिषिक्त कोण आहेत तर अब्राहाम, इसहाक, याकोब, परक्या मुलखात भटकणारी मूठभर माणसं, आणि देव दम देतोय तो राजांना. म्हणजे दुबळ्यांना हात लावू नका असं बलवानांना सांगितलंय, आणि आपण ते माईक हातात असलेल्याच्या संरक्षणाला वापरतो! मग लोक दावीद आणि शौलाचं उदाहरण देतात. राजा शौल दावीदाच्या जिवावर उठला होता, तरी दावीदाने गुहेत त्याच्या झग्याचा नुसता काठ कापला, त्याला मारलं नाही, बरोबर, पण लगेच बाहेर येऊन हाक मारून त्याला त्याची चूक सांगितली आणि परमेश्वरच तुझा माझा न्याय करो म्हणाला, आणि परत त्याच्या वाड्यावर राहायला काही गेला नाही. पुढे हाच दावीद राजा झाला, चुकला, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर म्हणाला तो माणूस तूच. अंत्युखियात पौलाने पेत्राला, म्हणजे एका प्रेषिताने दुसऱ्या प्रेषिताला, सगळ्यांदेखत सुनावलं. यातल्या कोणावर शाप आला? आणि १ योहान २ प्रमाणे अभिषेक सगळ्याच विश्वासणाऱ्यांना आहे, म्हणजे चर्च झाडणाऱ्या मावशींना पण.

आपल्याकडचंच बघा ना. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला आणि दोनच वर्षांत त्यांनी तिथल्या सिस्टरला पत्रातून कळवलं की मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे पण पाद्री नि बिशप म्हणतील तो प्रत्येक शब्द मानायला बांधील नाही, एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटलेय, लगेच दुसरीचं जू मानेवर घेणार नाही. हीच बाई पुढे केडगावला मुक्ती मिशन चालवते आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणते.

तिसरं, फळं आणि चमत्कार. अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाचा प्रवचनकार सभेत अनोळखी लोकांची नावं, आजार, पत्ते देवाने सांगितले म्हणून सांगायचा. १९८६ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने रेडिओ स्कॅनर लावून पकडलं, पॉपॉफची बायको ते सगळं त्याच्या कानातल्या यंत्रात सांगत होती. हा सरळ भामटेपणा, तो पकडता तरी येतो. मला जास्त लागलं ते रवी झकरायस यांचं. मद्रासचा माणूस, ख्रिस्ती व्याख्याता म्हणून जगभर नाव, आमच्याकडे त्यांची व्याख्यानं ऐकून कितीतरी मुलं विश्वासात टिकली, मग हे फळ नाही का? २०१७ मध्ये एका बाईने तक्रार केली तेव्हा तिलाच खोटं ठरवलं गेलं. मे २०२० मध्ये ते वारले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालात लैंगिक गैरवर्तन उघड झालं. तेव्हापासून मी गर्दीला फळ म्हणत नाही. मत्तय ७:२२ मध्ये भुतं काढणारे, अद्भुतं करणारेच दाराबाहेर उभे आहेत. गलती ५ मधली फळं प्रीती, सहनशीलता, इंद्रियदमन अशी आहेत, ती स्टेजवरून दिसत नाहीत, ती घरच्यांना, ड्रायव्हरला, ऑफिसातल्या मुलीला दिसतात, त्यांना विचारा. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचं डिडाखे नावाचं छोटं पुस्तक आहे, त्यात तर हिशोबच दिलाय, पाहुणा प्रेषित तीन दिवस राहिला तर खोटा, निघताना भाकरी सोडून पैसे मागितले तर खोटा. आजचे किती टिकतील?

चौथं, एकांतात सांगा. मत्तय १८ मध्ये भावाने माझा अपराध केला तर काय करायचं ते आहे, आणि तेही शेवटी मंडळीला सांग इथेच पोचतं. मंडळीच्या वडिलांसाठी, म्हणजे पुढाऱ्यांसाठी, १ तीमथ्य ५ बघा, दोन-तीन साक्षीदारांशिवाय आरोप घेऊ नकोस, आणि पुढच्याच ओळीत, पाप करत राहणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दे. यातला पहिला अर्धा भाग पास्टर लोकांना वाचवतो आणि ते योग्यच आहे, ऐकीव गोष्ट ग्रुपवर टाकणाऱ्यांनी तो पाठ करावा. पण ज्याच्यामुळे एखादीला त्रास झाला त्याच्याच केबिनमध्ये तिला एकटीला पाठवायचं? वा रे शास्त्र.

पाचवं, देवावर सोडा. बिरुया नगरातल्या लोकांनी पौलाचं बोलणं रोज शास्त्रात तपासून पाहिलं आणि प्रेषितांच्या पुस्तकात त्यांचं कौतुक आहे. एवढं पुरे.

माझी स्वतःची कसोटी एकच, पास्टरला ‘नाही’ म्हटलं की काय होतं. आमच्या आत्याला एका सभेवाल्याने बियाणं म्हणून सोन्याची पाटली पेरायला, म्हणजे देणगी द्यायला, सांगितली. आत्या म्हणाली देते की, आधी मागच्या वर्षीचा हिशोब दाखवा. पुढच्या रविवारी तिचं नाव न घेता पाऊण तास ईजबेलवर, बायबलमधल्या त्या दुष्ट राणीवर, प्रवचन झालं.