आपल्याच माणसांना सुनावणारा राजदूत

महाराष्ट्रातील वर्तमानपत्रे आणि वाहिन्या केनियाची राजधानी नैरोबीत बसून पाहताना असे वाटते की राजदूताची लायकी आता त्याने किती झणझणीत उत्तर दिले यावरूनच ठरते. संयुक्त राष्ट्रांत आपल्या प्रतिनिधीने पाकिस्तानला दोन मिनिटांत गप्प केले की ती चित्रफीत दिवसभर फिरते, आणि परराष्ट्र धोरण म्हणजे हेच असावे असा आपला समज होत जातो. इकडे राहणाऱ्या भारतीयांच्या अपेक्षा निराळ्या असल्या तरी तेवढ्याच सरळ आहेत. पासपोर्टचे काम अडू नये, कोणी दगावल्यास देह मायदेशी नेण्याची सोय व्हावी आणि स्थानिक सरकारशी खटका उडाला तर उच्चायुक्तालयाने आपली बाजू घ्यावी. यांपैकी कोणतीच अपेक्षा गैर नाही. मात्र भारताने स्वातंत्र्यानंतर नैरोबीला जो पहिला प्रतिनिधी पाठवला, तो या दोन्ही साच्यांत बसणारा नव्हता, आणि तो मराठी होता. त्यांचे नाव अप्पासाहेब पंत.

साताऱ्याकडच्या औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा हा मुलगा १९१२ साली जन्मला, ऑक्सफर्डला शिकला, बॅरिस्टर होऊन १९३७ च्या सुमारास परतला आणि लगेचच आपल्याच घराण्याची सत्ता कमी करण्याच्या कामाला लागला. मॉरिस फ्रिडमन हा पोलिश अभियंता त्या कामात सोबतीला होता आणि नव्या घटनेच्या मसुद्याला महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते. १९३९ च्या आरंभी औंधमध्ये जी राज्यघटना लागू झाली तिने ७२ गावांच्या त्या लहानशा, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या संस्थानात कारभार ग्रामपंचायतींकडे सोपवला आणि राजाला नाममात्र उरवले. पुढे अप्पासाहेब संस्थानचे पंतप्रधानही झाले. १९४८ च्या मार्चमध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. महाराष्ट्रात औंधचे नाव निघाले की सूर्यनमस्कार, किर्लोस्करवाडी आणि यमाईच्या डोंगरावरचे चित्रसंग्रहालय आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु अप्पासाहेबांनी नैरोबीत जे केले त्याचे मूळ मला या राज्यघटनेत दिसते. ज्याने स्वतःच्या घरातली सत्ता सोडून दिली होती, त्याला इतरांना ‘तुमचे विशेष हक्क सोडा’ असे सांगण्याचा संकोच वाटला नसावा.

ब्रिटिश पूर्व आफ्रिकेसाठी भारताचे आयुक्त म्हणून नेहरूंनी त्यांना १९४८ साली पाठवले. स्पर्धा परीक्षा नाही, खात्यातला अनुभव नाही. वय जेमतेम छत्तीस. त्या वेळच्या केनियात उंच पठारावरची उत्तम जमीन गोऱ्यांसाठी राखीव होती, व्यापार आणि कारकुनी बव्हंशी भारतीयांच्या हाती होती, आणि ज्यांचा तो देश होता ते आफ्रिकी लोक सगळ्यांत खाली होते. नव्याने स्वतंत्र झालेला भारत आता आपल्याला गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क मिळवून देईल, अशी तिथल्या भारतीय पुढाऱ्यांतील अनेकांची समजूत होती. अप्पासाहेबांनी नेहरूंचे धोरण त्यांच्यापुढे मांडले ते वेगळेच : आफ्रिकी लोकांचे हित पहिले, आपण इथे त्यांचे पाहुणे आहोत आणि त्यांच्या खर्चाने मिळणाऱ्या कोणत्याही सवलतीसाठी भारत भांडणार नाही. हे ऐकून टाळ्या पडल्या नसणार.

ते बोलून थांबले नाहीत. त्यांच्या घराचे दार आफ्रिकी पाहुण्यांना उघडे होते, आणि वर्णभेदाच्या त्या शहरात ही साधी गोष्टसुद्धा राजकीय ठरे. पुढे स्वतंत्र केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या जोमो केन्याटांसह अनेक नेत्यांशी त्यांचे संबंध जुळले. भारतात शिकण्यासाठी आफ्रिकी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. सर्व वर्णांच्या मुलांसाठी गांधींच्या नावाने उच्च शिक्षणाची संस्था काढावी म्हणून भारतीय समाजाने निधी उभारला, त्यामागे अप्पासाहेबांची प्रेरणा होती; ती योजना पुढे रॉयल टेक्निकल कॉलेजात मिसळली आणि त्या कॉलेजचेच आजचे नैरोबी विद्यापीठ झाले. विद्यापीठाच्या आवारातील गांधींच्या पुतळ्याचे अनावरण १९५६ मध्ये राधाकृष्णन यांनी केले, परंतु तोवर अप्पासाहेब केनियात उरले नव्हते.

२० ऑक्टोबर १९५२ रोजी ब्रिटिश सरकारने माऊ माऊ या आफ्रिकी लोकांच्या वसाहतविरोधी बंडाच्या निमित्ताने आणीबाणी पुकारली आणि केन्याटांना अटक केली. केन्याटांवर कापेंगुरिया या गावी जो खटला चालला, त्यात त्यांच्या बचावासाठी ब्रिटिश वकील डी. एन. प्रिट यांच्याबरोबर जे वकील उभे राहिले त्यांत नेहरूंनी पाठवलेले दिवाण चमनलाल होते, नैरोबीचे अच्छरू कपिला होते आणि मूळ गोव्याच्या घराण्यातले तरुण फिट्झ डिसूझा होते. पिओ गामा पिंटो हा स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला दुसरा गोमंतकीय तर पुढे अनेक वर्षे स्थानबद्धतेत राहिला. वसाहती सरकारच्या डोळ्यांत भारताचा आयुक्त आधीपासूनच सलत होता. त्याला परत बोलवा, असा लकडा लंडनमार्फत दिल्लीकडे लागला आणि १९५४ मध्ये अप्पासाहेबांनी नैरोबी सोडली. शिष्टाचाराच्या पुस्तकाप्रमाणे पाहिले तर हे अपयशच म्हणावे लागेल. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली, हेही नोंदवून ठेवायला हरकत नाही.

नंतरची कारकीर्द लांबलचक आहे. सिक्कीम, भूतान आणि तिबेटची जबाबदारी सांभाळत ते गंगटोकला राहिले, आणि चीनचा तिबेटवरचा फास आवळत जाताना त्यांनी जवळून पाहिला. त्यानंतर इंडोनेशिया, नॉर्वे, १९६७ च्या युद्धाच्या काळातले इजिप्त, मग लंडन आणि शेवटी इटली. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाईंना ९० दिवसांत चालते व्हा म्हणून बजावले ते १९७२ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे अप्पासाहेब लंडनमध्ये उच्चायुक्त असलेल्याच वर्षी. ज्या समाजाला त्यांनी दोन दशकांपूर्वी सावध केले होते, त्याच समाजाची शेजारच्या देशातली ही अवस्था.

त्यांचे ऐकले असते तर हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. अमीनने नागरिकत्व घेतलेल्यांचीही फारशी गय केली नाही. शिवाय राजदूताच्या उपदेशात एक सोय असते : मुदत संपली की तो दुसऱ्या देशी जातो, आणि कर्ज काढून दुकान उभे केलेला माणूस तिथेच राहतो. केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाल्यावर नागरिकत्वासाठी मिळालेल्या दोन वर्षांत भारतीय मोठ्या संख्येने ब्रिटिश पासपोर्टालाच धरून राहिले, ते केवळ स्वार्थापोटी नव्हे, भीतीपोटीही होते. राजघराण्यात जन्मलेल्या माणसाला ही भीती कितपत उमगली असेल, याची मला शंका आहे. तरीही आज नैरोबीत भारतीय म्हणून आपल्याला जो मान मिळतो, त्यातला काही वाटा कापेंगुरियाच्या वकिलांचा आणि त्या शिष्यवृत्त्यांचा आहे, कोणा प्रवक्त्याच्या तिखट वाक्याचा नाही.

घरच्या वादांकडे मी याच नजरेने पाहतो. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला, तेव्हा बाहेरून येणाऱ्याने महाराष्ट्रात मराठी शिकलीच पाहिजे, हा मुद्दा इथल्या मराठी मंडळींनीही हिरिरीने मांडला. मुद्दा मला मान्य आहे. मात्र आपल्यापैकी किती जण किस्वाहिलीत, म्हणजे इथल्या भाषेत, धड चार वाक्ये बोलतात, घरकामाच्या बाईच्या मुलांच्या शाळेविषयी कितींना माहिती असते, आणि कितींचे केनियन सहकारी गणपतीला जेवायला असतात, हे त्याच बैठकीत विचारले तर विषय बदलतो. अप्पासाहेब पाहुण्याच्या कर्तव्याविषयी बोलत होते. आपण मुंबईत यजमानाच्या भूमिकेतून बोलतो आणि नैरोबीत ते कर्तव्य सोयीने विसरतो.

उच्चायुक्तालयाने हे आपल्याला सांगावे असे मला वाटते, पण सांगणाऱ्या अधिकाऱ्यामागे दिल्ली आणि मराठी प्रेक्षक उभे राहतील का, हा खरा प्रश्न आहे. शिष्यवृत्त्या आजही चालू आहेत आणि त्यांवर किंवा पदरमोड करून केनियातली मुले पुण्यात शिकतात. शिकून परतलेले असे लोक मला इथे भेटतात. पुण्याचे हवामान, मिसळ, चांगले प्राध्यापक यांची आठवण ते आनंदाने काढतात, आणि मग भाड्याची खोली मागायला गेल्यावर काय ऐकावे लागले तेही सांगतात. त्यावर नैरोबीतल्या कोणत्याही राजदूताला उत्तर देता येणार नाही. ते उत्तर कोथरूड आणि विमाननगरच्या गृहनिर्माण संस्थांच्या सभांत द्यावे लागेल.