एकाच टीमचे दोन रिसीव्हर? खुशाल खेळवा. तिसऱ्याला मात्र बेंच दाखवा

अमेरिकेतल्या ऑफिस-लीगमध्ये फॅन्टसी फुटबॉल (अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवून त्यांच्या मॅचमधल्या कामगिरीवर पॉइंट मिळवायचा खेळ) खेळणाऱ्या मराठी मंडळींना दर सीझनला एक प्रश्न छळतो: "एकाच टीमचे दोन वाइड रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) पदरात पडलेत, दोघांनाही खेळवू का?" विचारायचा अवकाश, की कुणीतरी ठोकून देतंच, "अरे, बॉल एकच असतो, दोघं एकमेकांचे पॉइंट खाणार!" ऐकायला पटतं. हिशेबात टिकत नाही.

पीपीआर (पॉइंट पर रिसेप्शन) लीग धरू. एका कॅचला १ पॉइंट, १० यार्डांना १, टचडाउनला ६. एखादी टीम मॅचमध्ये ३३ टार्गेट (रिसीव्हरकडे फेकलेले पास) देते असं समजा. पहिल्या रिसीव्हरचा वाटा २८ टक्के, म्हणजे साधारण ९ टार्गेट. त्यातले ६ हातात आले आणि प्रत्येकाला १२ यार्ड मिळाले, तर ७२ यार्ड. ६ अधिक ७.२, वर सरासरी अर्धा टचडाउन, म्हणजे १६ च्या आसपास. दुसऱ्याला ७ टार्गेट, साडेचार कॅच, ५४ यार्ड, ०.४ टचडाउन: १२ च्या वर. आता तिसरा. ४ टार्गेट, अडीच कॅच, ३० यार्ड. टचडाउनचा थोडा वाटा धरूनही कसेबसे ७. एवढे पॉइंट देणारा गडी वेव्हरवर (कुणीच न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीत) फुकट मिळतो. प्रॉब्लेम दोन रिसीव्हरचा नाहीच, तिसऱ्याचा आहे.

"एकमेकांचे पॉइंट खाणं" घडत नाही असं नाही. पण त्याच वेळी उलट्या दिशेनेही एक ओढ असते. क्वार्टरबॅकचा (पास फेकणाऱ्याचा) हात बसला, समोरची टीमही पॉइंट काढत राहिली, की पासच जास्त होतात आणि दोघांचंही ताट भरतं. या दोन ओढी एकमेकींना जवळजवळ मारून टाकतात, म्हणून दोन रिसीव्हरच्या पॉइंटमधलं को-रिलेशन (एकाचे वाढले की दुसऱ्याचे किती वाढतात याचं माप) शून्याच्या आसपासच घुटमळतं. ज्यांना आकडे लागतात त्यांच्यासाठी: दोघांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीपासूनचा चढउतार) ८-८ पॉइंट धरा. संबंध शून्य असेल तर जोडीचं ११.३ येतं, को-रिलेशन अधिक ०.१ असेल तर ११.९, उणे ०.१ असेल तर १०.७. एवढ्याशा फरकासाठी १२ पॉइंटवाला बसवून ९ पॉइंटवाला खेळवायचा, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

१८ सप्टेंबर २०२२, मायामी विरुद्ध बाल्टिमोर. मायामीचा टायरीक हिल ११ कॅच, १९० यार्ड, २ टचडाउन. जेलन वॉडल ११ कॅच, १७१ यार्ड, २ टचडाउन. म्हणजे ४२ आणि ४०.१ पॉइंट. कुणी कुणाचं खाल्लं? सिनसिनाटीची जामार चेस आणि टी हिगिन्सची जोडीही तशीच. ६ ऑक्टोबर २०२४ ला बाल्टिमोरविरुद्ध चेसचे ४१.३, हिगिन्सचे २९.३. आणि त्याच सीझनच्या १७व्या आठवड्यात, जेव्हा बहुतेक लीगच्या फायनल असतात, डेन्व्हरविरुद्ध त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याचे तिन्ही टचडाउन पास हिगिन्सलाच गेले. तरी चेसने ९ कॅच आणि १०२ यार्ड काढून १९.२ दिलेच. सगळे टचडाउन जोडीदाराने नेल्यावर हाती १९ पडत असतील, तर नुकसान कसलं?

खरी भीती वेगळीकडे आहे. दोघांचीही दोरी एकाच क्वार्टरबॅकच्या हातात असते. १६ नोव्हेंबर २०२३ ला बरोचं मनगट दुखावलं आणि त्याचा सीझन संपला. ज्यांच्याकडे दोघंही होते त्यांची दोन्ही चाकं एकदम पंक्चर. अशी जोडी असेल तर त्या टीमचा बॅकअप क्वार्टरबॅक कोण, हे तोंडपाठ हवं. बाय वीकचंही (टीमला मॅच नसलेल्या आठवड्याचंही) तेच: एकाच आठवड्यात दोन जागा रिकाम्या. तो आठवडा यायच्या दोन आठवडे आधीच बेंचवर एक रिसीव्हर आणून ठेवा, आयत्या वेळी वेव्हरवर गाळच उरतो.

दुसऱ्या रिसीव्हरचा निर्णय घ्यायला बेटिंग लाइन बघा (पैसे लावायला नाही, अंदाजासाठी). मॅचचं टोटल (दोन्ही टीमचे मिळून अपेक्षित पॉइंट) ४८ आणि रिसीव्हरची टीम ४ ने फेव्हरिट (४ पॉइंटांनी जिंकेल असा अंदाज), तर ४८ चे अर्धे २४, त्यात ४ चे अर्धे २ मिळवा: टीमकडून २६ ची अपेक्षा. २३-२४ च्या वर असेल तर दोघं बिनधास्त. २० च्या खाली गेलं तर दुसऱ्याला बसवायचा विचार मी करेन. पण फार मोठी फेव्हरिट टीमही फसवते. २७ ऑक्टोबर २०२४ ला डेट्रॉइटने टेनेसीला ५२-१४ असं धुतलं आणि त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफने पास केले फक्त ८५ यार्ड! रन गेम आणि पंट रिटर्नवर मॅच निघाली तर रिसीव्हर काय करणार? आणि पावसाला घाबरू नका, वाऱ्याला घाबरा. ताशी ३०-३५ किलोमीटरच्या वर वारा असला की लांबचे पास सगळ्यात आधी बंद होतात, त्यामुळे डीप रिसीव्हर बसवा, स्लॉटमधला (जवळचे छोटे पास घेणारा) ठेवा.

तुमच्या आठवड्याच्या मॅचचं चित्रही बघा. प्रोजेक्शनमध्ये १५-२० ने मागे असाल तर क्वार्टरबॅकही त्याच टीमचा घ्या. क्वार्टरबॅक आणि रिसीव्हरचं नातं मात्र खरंच घट्ट असतं, एक उसळला की दुसराही वर जातो, आणि मागे असताना तेच हवं असतं. प्रतिस्पर्ध्याकडे तो क्वार्टरबॅक असेल तर तुमचे दोन रिसीव्हर त्याची धार बोथट करतात.

एक बारीक गोष्ट, जिच्यावर लोक हमखास घसरतात. जोडीची मॅच गुरुवारी असेल तर दोघांनाही रिसीव्हरच्या जागेत टाका, फ्लेक्समध्ये नाही. रविवारी कुणी जखमी निघाला तर फ्लेक्समध्ये रनिंग बॅक, टाइट एंड, काहीही बसवता येतं. तो गुरुवारीच भरून टाकलात तर हात बांधले गेले. आणि पुण्यात बसून तिकडच्या सहकाऱ्यांच्या लीगमध्ये खेळणाऱ्यांनो, न खेळणाऱ्यांची यादी मॅचच्या ९० मिनिटं आधी येते. रविवारच्या पहिल्या मॅचसाठी ती वेळ आपल्याकडे रात्री ९ ची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडची घड्याळं मागे गेली की १० ची. जेवणं उरकून फोन हातात घ्या.