इथंच हाय की बारव

मंदिराला कळस असतो, किल्ल्याला बुरूज असतो, पडक्या वाड्यालाही निदान एक भिंत उरलेली असते आणि तिच्यावरचा पिंपळ लांबून दिसतो. बारवेचं तसं नाही. बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, खाली बांधलेली इमारत. सगळा डौल जमिनीच्या पोटात, वर फक्त तोंड. तुरीच्या रानात तुम्ही तिच्यापासून वीस फुटांवर उभे असता आणि तुम्हाला दिसते ती तूर. पोचलो की नाही, हे शेवटच्या पावलापर्यंत कळत नाही, आणि ते शेवटचं पाऊल तर फारच जपून टाकावं लागतं.

तरी लोक मराठवाड्यात बारवा शोधत हिंडतात. मीही त्यातलाच, त्यामुळे पुढचं सगळं सहानुभूतीनं वाचावं.

पहिला घोळ शब्दाचा. आपल्या डोक्यात बारव म्हणजे पायऱ्यांची, कोनाड्यांची, यादवांच्या काळातली. गावात बारव म्हणजे रानातली कुठलीही मोठी विहीर. "मामा, इथं बारव कुठंय?" असं विचारलं की मामा उलट विचारतात, "कोन्ची? माझी का भावाची?" मग ते मोठ्या अगत्यानं तुम्हाला तीन बांध ओलांडून नेतात आणि सिमेंटची कडी टाकलेली, पाच एचपीची मोटर बसवलेली, मागच्या सालची विहीर दाखवतात. ती बघून "वा!" म्हणावं लागतं. हा वेळ प्रवासाच्या हिशेबात आधीच धरावा, विहिरीमागे अर्धा तास, चहा वेगळा.

म्हणून प्रश्न नीट घालावा. "पायऱ्याची बारव", "जुन्या दगडाची", "मोट चालायची ती" असं म्हटलं की चाळण लागते. सगळ्यात खात्रीचा प्रश्न मात्र पाण्याचा नाहीच. "साती आसरा कुठं मांडल्यात?" हा तो प्रश्न, आणि तोही शक्यतो आजीला विचारावा. आसरा या पाण्याच्या देवता. शेंदूर फासलेले सात दगड ओळीनं मांडलेले दिसले की जवळपास जुनं पाणी आहे, किंवा होतं. माणसं विहीर बुजवतात, आसरांना हात लावायची छाती कुणाची होत नाही.

दुसरा घोळ आकड्यांचा. कुणीतरी उदार मनानं बारवेचा ठावठिकाणा पाठवतं, "१९.३०, ७६.४०". आपण तो फोनला भरवतो आणि निघतो. पण पाठवणाऱ्याच्या मनात १९ अंश ३० मिनिटं आणि ७६ अंश ४० मिनिटं असतात, म्हणजे दशांशात १९.५० आणि ७६.६७. एक अंश अक्षांश साधारण १११ किलोमीटर, त्या हिशेबानं तुम्ही २२ किलोमीटर दक्षिणेला आणि जवळजवळ २८ किलोमीटर पश्चिमेला पोचता. जिंतूरच्या बाजूची बारव तुम्ही पाथरीजवळच्या उसात शोधत बसता. बारव मिळत नाही, ऊस मुबलक मिळतो.

आकडे दशांशातच असले तरी टिंबापुढची घरं मोजावीत. दोन घरं असतील तर एक किलोमीटरच्या आसपासची चूक पोटात घेऊनच निघायचं, आणि काळ्या रानातला एक किलोमीटर म्हणजे एक दुपार. चार घरं असतील तर ११ मीटरच्या आत येता, आणि मोठ्या बारवेचं तोंडच तेवढं असतं. पाच घरं मिळाली तर हळू चाला.

फोनमधली बाई तालुक्यापर्यंत हुशार असते. नकाशा तिथंच उतरवून ठेवावा, कारण पुढे रेंज जाते आणि बाईचा आत्मविश्वास तेवढा राहतो. "उजवीकडे वळा," ती म्हणते. उजवीकडे कापूस असतो. वेचणाऱ्या बाया हात थांबवून आपल्याकडे बघत असतात, हे वळतात का म्हणून.

कागदावर रस्ता असतो, हेच तर दुखणं. गाव नकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेघेनं काढतात आणि पायमार्ग तुटक एकेरी रेघेनं. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. गाडीमार्ग निदान आठ आणे, म्हणजे साडेसोळा फूट, आणि पायमार्ग चार आणे, सव्वाआठ फूट. बारवेला जाणारी वाट बहुतेक वेळा या चार आण्यांतली निघते. त्यात दोन्ही बाजूंचे शेतकरी दर पेरणीला नांगराचं एकेक तास वाटेत घालतात. पिढीभरात चार आण्यांचे दोन आणे होतात, आणि मग एके वर्षी वाटेवर हरभरा उगवतो. अडवलेल्या वाटेसाठी १९०६ सालच्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण आपण एका दिवसाच्या रजेवर आलेलो असतो.

वाट सापडली तर माती सापडते. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. पावसानंतर मोटारसायकल घातली तर पन्नास पावलांत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती ठासते आणि पुढचं चाक फिरायचं थांबतं. एक्सलेटर पिळून उपयोग नाही, पाणी ओतून तर मुळीच नाही. खाली उतरायचं, तुऱ्हाटीची काडी घ्यायची आणि कोरायचं. शेतकरी माती निथरून वाफसा आल्याशिवाय रानात औत घालत नाही, आपण त्याच्यापेक्षा शहाणे ठरू नये. संक्रांतीपासून होळीपर्यंतचे दिवस उत्तम. माती टणक, गवत वाळलेलं, तूर निघालेली, पाणी चार पायऱ्या खाली गेलेलं आणि ऊन अजून माणुसकी राखून. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना बारव पाण्याखाली असते, मेमध्ये येणाऱ्यांचं डोकं ठिकाणावर नसतं.

टणक वाटेला येडी बाभूळ लागते. टायर ट्यूबलेस असेल तर काटा दिसताच उपसू नका. तो आत आहे तोवर बूच म्हणून काम करतो आणि गाव गाठून देतो. सोबत पट्ट्या, कानस आणि सुई असेल, हवा भरायचा पंप असेल, तरच सावलीत थांबून काढावा. पंपाशिवाय पट्टी मारणं म्हणजे फाटका खिसा शिवून त्यात पैसे नसणं. ट्यूबचं चाक असेल तर एक काटा सापडल्यावर हुश्श करू नये, ट्यूब पाण्यात बुडवून पूर्ण फिरवावी. बाभळीला एकट्यानं वार करायची सवय नाही.

एवढं होईपर्यंत बांधावर चार माणसं जमलेली असतात. "कुठून आलाव? काय करायलाव?" खरं उत्तर द्यावं, पण ते कुणाला पटेल अशी आशा धरू नये. हातात नकाशा, मान खाली, पावलं मोजत चाललेला माणूस हा मोजणीवाला असतो, नाहीतर हायवेसाठी जमीन घेणारा, नाहीतर पीकविम्याचा, नाहीतर बोअरचा पॉइंट काढणारा पाणाड्या. यातला कुणीच नसेल तर तो गुप्तधनवाला, आणि हा समज सगळ्यात महागात पडतो. म्हणून संध्याकाळनंतर जाऊ नये, गाडीत कुदळ-फावडं ठेवू नये आणि आधी पारावर जाऊन सांगून यावं. लिंबू सरबतासाठी घेतलेली लिंबंसुद्धा झाकून ठेवावीत.

मग दिशा कळते. "इथंच हाय की बारव. लिंबापसून खालच्या अंगाला." वरचं अंग आणि खालचं अंग हे उताराचं असतं, होकायंत्राशी त्याचा संबंध नाही. पावसाचं पाणी कुठून कुठं जातं हे डोळ्यानं ताडावं, उत्तर सापडतं. 'इथंच' या शब्दाचा अर्थ मात्र मला अजून अर्ध्या किलोमीटरच्या आत कधी भेटलेला नाही.

खालच्या अंगाला जाताना डोळे जमिनीवर असावेत. सपाट रानात एकटाच उंबर किंवा पिंपळ, त्याच्याभोवती वाकडा वळसा घालून गेलेलं नांगराचं तास, बांधावर लावलेला घडीव दगड आणि त्यात चौकोनी खाच. जमिनीला नसता उतार दिसला तर ती मोटेच्या बैलांची धाव असू शकते, तिच्या वरच्या टोकाला मोटवण, म्हणजे मोट वर ओढायची जागा, आणि पाणी ओतायचं दगडी थारोळं. थारोळ्यात हल्ली कडबा भिजत असतो. आणि झुडपातून अचानक पारवे उडाले तर तिथंच थांबा. पारवे उगाच जमिनीतून वर येत नाहीत.

तोंडाच्या काठावर उभं राहून वाकू नये. पाणी झिरपून भिंतीमागची माती वाहून गेलेली असते, वर गवताचा गालिचा आणि खाली पोकळी. पायऱ्यांची बाजू शोधून तिकडूनच जावं. प्रत्येक पायरीवर आधी अर्धा भार द्यावा, कारण उंबराची मुळं सांध्यात शिरून दगड पाचरीसारखा उचलतात आणि वरून तो शहाण्यासारखा बसलेला दिसतो. कोनाड्यात आधी टॉर्च, मग डोकं. आत देव असेल, मोहोळ असेल किंवा घोणस असेल, आणि तिघांनाही आपण न बोलावलेले. तळ अरुंद, झाकलेला आणि कुबट वासाचा असेल तर उतरूच नये. कोंडलेल्या विहिरीत प्राणवायू कमी पडतो आणि त्याची सूचना कुणी देत नाही.

खोली विचारली तर "पाच परस" असं उत्तर येतं. परस म्हणजे माणसाएवढी खोली. माणूस कुणाच्या घरचा धरायचा हे सांगणाऱ्यावर. दोरीला दगड बांधून मीटर-मीटरला गाठ मारून ठेवावी, वाद मिटतो.

आणि वय? "पांडवांनी एका रात्रीत बांधली." ही तारीख वहीत लिहायला गैरसोयीची असल्यानं दगड बघावेत. चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले घडीव दगड आणि देवकोष्ठं, म्हणजे मूर्तीसाठीचे कोनाडे, असतील तर यादवकाळाकडे बोट दाखवता येतं. चुना आणि खऱ्या कमानी असतील तर काळ सहसा अलीकडे सरकतो. बीडच्या दक्षिणेची खजाना विहीर अहमदनगरच्या निजामशाहीतली, सोळाव्या शतकातली. मात्र चुना मागाहूनच्या डागडुजीचाही असतो, तेवढ्यावर भांडू नये. प्रवेश मोजून प्रकार सांगता येतो. शिल्पग्रंथांत एका वाटेची नंदा, दोन वाटांची भद्रा, तिनाची जया, चारांची विजया. प्रत्यक्षात एक वाट ढासळलेली, दुसरीत गाजरगवत आणि तिसरीत म्हैस असते, तेव्हा विजयेची नंदा व्हायला वेळ लागत नाही.

ज्यांना एवढा जीव काढायचा नाही त्यांनी सेलू तालुक्यातल्या वालूरला जावं. तिथली बारव चक्राकार उतरत जाते. गावकऱ्यांनी ती उपसून साफ केली, त्यामुळे ती दिसते. केवढी सोय! किंवा जिंतूरजवळ चारठाण्याला जावं, तिथं मंदिरं इतकी की एखादी वाट चुकली तरी काहीतरी पदरात पडतं.

परत येताना लक्षात येतं की चार आण्यांच्या वाटेवर चारचाकी वळत नाही. समोर कडब्याची गाडी येऊन उभी असते, बैल शांत असतात, गाडीवान त्याहून शांत. मागेच जायचं, दोन्ही बाजूंना नांगरट. मघाचे मामा आपण होऊन मागे जाऊन उभे राहतात, टोपी सारखी करतात आणि हात हलवत सांगतात, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या." मागचं चाक गुडघाभर ढेकळात गेलं की मग म्हणतात, "बास."