हात वाळायच्या आत उठा

घरात पाच माणसं असतील तर रात्रीच्या जेवणाच्या वेळाही पाच हव्यात. म्हाताऱ्यांना साडेसातलाच वाढून टाका, गोळ्यांचं निमित्त आहेच. बाकीच्यांसाठी घरच्या ग्रुपवर ‘आमटी गरम करून घे’ एवढा निरोप पुरतो.

चुकून दोघं एकाच वेळी जेवायला बसलेच, तर फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवा. डावीकडे मीठ-लिंबू-चटणी, उजवीकडे भाजी-आमटी ही ताटाची मांडणी पूर्वजांनी केली, ती समोरची जागा मोबाइलला मोकळी राहावी म्हणूनच. दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

“आज शाळेत काय केलं?” हे विचारायला हरकत नाही. “काही नाही” असं उत्तर येतं. तिथेच थांबा. “मग डबा कोणाबरोबर खाल्लास?” असं विचारलंत की मेलात! कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला बाकावरून उठवलं, सगळं बाहेर पडतं आणि पोळ्या गार होतात.

अमेरिकेत एमोरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी घरोघरच्या जेवतानाच्या गप्पा रेकॉर्ड केल्या आणि मुलांना २० प्रश्न विचारले. आजी-आजोबा कुठे वाढले, आईबाबा कसे भेटले, असले. ज्यांना घरच्या गोष्टी जास्त ठाऊक, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त निघाला. त्यांचं ठीक आहे. आपल्याकडे त्यासाठी व्यक्तिमत्त्व विकास शिबिरं असतात, पैसे भरल्याची पावतीसुद्धा मिळते.

खरा धोका जेवण संपल्यावर. ताटं रिकामी, पण उठत कोणी नाही. पातेल्याच्या बुडाशी राहिलेला भात आई दह्यात कालवते आणि मिशा फुटलेल्या घोड्यांच्याही हातावर एकेक घास ठेवते. हात वाळतात, तरी बोलणं चालूच. म्हणून सांगतो, हात ओला आहे तोवर उठा.

आमच्याकडे मागे एकदा गाफीलपणा झाला. वळवाच्या पावसात लाइट गेली, वायफाय गेलं आणि पाचही जण मेणबत्तीभोवती जेवायला बसलो. आप्पा सहज बोलून गेले, की १९८२ साली गिरण्यांचा संप झाला तेव्हा ते पहाटे दादरहून कोथिंबीर आणून लालबागला जुड्या विकायचे.

“आजोबा, तुम्ही?” धाकटा.

“मग काय! ओरडायची लाज वाटायची. ओरडायची ही.”

आईने तिथल्या तिथे ओरडून दाखवलं. शेजारचे दार उघडून बघायला आले. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. साडेदहा वाजले तरी खरकटी ताटं तशीच.

दुसऱ्याच दिवशी जाऊन इन्व्हर्टर आणला. आधी राउटर जोडला, पंखे मग.