घाट उतरताना गाडी न्यूट्रल करण्याबाबत खुलासा

कन्नडच्या औट्रम घाटातून आणि बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घाटातून माल वाहणाऱ्या चालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. ब्रेकचे लायनर (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे अस्तर) नवे असतील तर उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी, डिझेल वाचते, आणि ब्रेक तापलेच तर ड्रमवर पाणी ओतावे, असे त्यात म्हटले आहे. हा सल्ला चुकीचा व जीवघेणा आहे.

१० टनांची गाडी २०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे २ कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेत साठ लिटर साधे पाणी उकळीला येईल. गाडी गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन पेलते. न्यूट्रलमध्ये मात्र जवळजवळ सगळा भार लायनर आणि ड्रम यांच्या घर्षणावर पडतो. अतितापाने लायनरमधील राळ विघटित होऊन वायू सुटतो, घर्षण घटते, शिवाय ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो, आणि म्हणूनच पेडल पूर्ण दाबूनही गाडी आवरत नाही. नवे लायनरही याला अपवाद नाहीत. उलट पृष्ठभाग ड्रमशी नीट बसेपर्यंत ते मोजक्याच ठिकाणी टेकतात व तिथेच अधिक तापतात.

तापलेल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ड्रमवर पाणी ओतल्यास त्याला तडे जाऊ शकतात.

डिझेलचे म्हणाल, तर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंधन बंद होते. न्यूट्रलमध्येच ते जळत राहते. घाट ज्या गिअरमध्ये चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा.